आबांच्या गालातली गाठ आणि पुढचे शंभर दिवस

पत्र : «सप्रेम नमस्कार. आम्ही जत तालुक्यातले. माझे सासरे (आबा) ५८ वर्षांचे, वजन ५६ किलो, माळकरी, शुगरची गोळी चालू आहे. तीस वर्षं तंबाखू-चुन्याची सवय. तीन महिन्यांपूर्वी डाव्या गालात आतून चट्टा आला, तो भरलाच नाही. मिरजेला तुकडा काढून तपासला, 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, आला. सीटीत गाठ ३ सेंटीमीटर, जबड्याचं हाड शाबूत, मानेत डावीकडे दीड सेंटीमीटरची एक संशयास्पद गाठ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून मग शेक (रेडिएशन) द्यायचा. थोरले दीर म्हणतात, आधी महिनाभर गावठी औषध घेऊन बघू. आत्याबाई म्हणतात, तुकडा काढला म्हणूनच आता पसरणार. आबांना आम्ही 'अल्सर आहे' एवढंच सांगितलंय. टाटाला जावं का? खर्चाचं काय? नाकात नळी घातली तर भरवायचं कसं? घरात ते करणारी मी एकटीच. ते वाचतील ना? आणि पुन्हा भाकरी खाता येईल का त्यांना?»

ताई, आधी थोरल्या दिरांचा महिना बघू, कारण तो मिटल्याशिवाय बाकी सगळं अधांतरी राहील.

तुमच्या रिपोर्टवरून आत्ताचा हिशेब असा लागतो : गाठ २ ते ४ सेंटीमीटरच्या मधली, फार खोल गेली नसेल तर टी-२. मानेत एकाच बाजूला, ३ सेंटीमीटरहून लहान अशी एकच गाठ, म्हणजे एन-१. दोन्ही मिळून तिसरी स्टेज. 'चारातली तिसरी' ऐकून घरात धास्ती बसते, पण इथे तिसरी आहे ती मानेतल्या त्या एका गाठीमुळे. आजार अजून पूर्ण काढून टाकता येण्याजोगा आहे आणि डॉक्टरांचा बेत बरं करण्याचाच आहे, नुसता दिवस ढकलण्याचा नाही. पक्की स्टेज ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरेल.

महिन्यानं काय फरक पडतो, ते दिरांना असं समजावा. गालाचं अस्तर आणि जबड्याचं हाड यांच्यात अंतर फार थोडं असतं. आज हाड शाबूत आहे, म्हणून गाठ काढून तिथे हाताची किंवा मांडीची कातडी लावता येईल. तीच गाठ हाडात शिरली की टी-४ झाली. मग जबड्याचा तुकडा जातो, पायातलं हाड काढून तिथे बसवावं लागतं, ऑपरेशनचे तास वाढतात आणि बोलण्या-खाण्यातलं नुकसानही वाढतं. गाठ मागे चावण्याच्या स्नायूंत वर चढली किंवा मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली, की सर्जन हात लावायलाच कचरतो. गावठी औषधाने गाठ जात नाही, या महिन्यात आजार मात्र पुढे जातो. त्यातून भस्मं असतील तर त्यातल्या शिसं-पाऱ्यासारख्या धातूंनी किडनीवर ताण येतो, आणि पुढे सिस्प्लॅटिन नावाची केमो लागली तर तीही किडनीतूनच जाते. काही आधीच दिलं असेल तर डॉक्टरांना सांगा, पुडी सोबत न्या. ओरडतील, पण त्यांना कळणं गरजेचं आहे.

आत्याबाईंची भीती जुनी आहे आणि ती कुठून येते तेही कळतं. आपल्याकडे तुकडा काढला जातो तोवर बहुतेकदा आजार वाढलेला असतो. मग घरचे बिचकून दोन महिने घालवतात, गाठ मोठी होते आणि दोष जातो सुईला. तोंडातल्या चट्ट्याच्या कडेचा तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. उलट तुकड्याच्या रिपोर्टशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर ऑपरेशनही करणार नाही आणि शेकही देणार नाही.

आता आबांना सांगण्याबद्दल. 'अल्सर' फार दिवस टिकणार नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही त्यांचीच लागते, वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, 'तुमचा कुठला?', आणि शेक देतात त्या विभागाच्या दारावर पाटी असते. तिऱ्हाइताकडून कळलं की त्यांचा तुमच्यावरचा विश्वास जातो, आणि पुढे नळी-शेकाच्या दिवसांत त्या विश्वासावरच तर सगळं चालायचं असतं. मुलाने, म्हणजे तुमच्या यजमानांनी, एकट्याने, घरात गर्दी नसताना सांगावं. साधं सांगावं : «आबा, तुकड्याचा रिपोर्ट आला. गालातली गाठ कॅन्सरची आहे. ऑपरेशन करून काढता येते, नंतर शेक घ्यायचाय. डॉक्टर बरं करायच्या हिशेबानंच करतायत. तुम्हाला काय विचारायचंय?» मग गप्प बसावं. पहिल्या दिवशी ते बहुधा काहीच विचारणार नाहीत. दोन दिवसांनी रात्री विचारतील, किती दिवस आहेत माझे. त्याचं उत्तर पुढे लिहिलंय.

टाटाला जावं का? परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१पासून चालू आहे, १९६२पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि तोंडाच्या कर्करोगात तिथला अनुभव देशात मोठा. पण तिथली गर्दीही तेवढीच मोठी. नोंदणी, तपासण्या, स्लाइड पुन्हा पाहणं, ऑपरेशनची तारीख, यात आठवडे जातात, आणि शेकाला मुंबईत सहा आठवडे राहावं लागतं. तुमच्या आबांचा आजार ज्या टप्प्यावर आहे त्याचे उपचार ठरलेले आहेत. मिरजेत तोंड-मानेचं ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन, कातडी लावणारा प्लास्टिक सर्जन आणि शेकाचं मशीन हे तिन्ही एका छताखाली असतील आणि तारीख तीन आठवड्यांच्या आत मिळत असेल, तर तिथेच करावं असं मला वाटतं. सर्जनला सरळ विचारा : महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता? कातडी कोण लावणार? आमची केस शेकाच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवलीत का? हे प्रश्न उद्धट नाहीत. यातलं काही जमत नसेल तर परळ, किंवा जवळ म्हणून बार्शी हेही पर्याय आहेत.

कुठेही जा, लॅबमधून दोन वस्तू ताब्यात घ्या : काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या इवल्याशा जाळीवर मेणात बसवलेला आबांच्या गालाचा तुकडा. दुसरं रुग्णालय नुसत्या कागदावर विश्वास ठेवत नाही, ते ब्लॉकमधून पुन्हा कापून बघतं. हा ब्लॉक गाडीत उन्हात ठेवला की मेण वितळतं आणि मग तुकडा पुन्हा काढायची वेळ येते. कापूस घालून डबीत ठेवा. सीटीची सीडी नुसती नको, रिपोर्टही हवा.

मुंबईला जावंच लागलं तर परळच्या फूटपाथवर झोपू नका. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीची इमारत आहे. अशा ठिकाणी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी मागतात, म्हणून नोंदणीच्या दिवशीच त्या खिडकीवर जा. रुग्णालयाचा दाखला असेल तर रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आबांचं आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. दोन्ही कार्डांवरचं नाव आणि जन्मवर्ष जुळतं का, ते आजच बघा. 'शंकर' आणि 'शंकरराव' एवढ्या फरकावर फाइल अडकते. नियम एकच लक्षात ठेवा : मंजुरी आधी, ऑपरेशन नंतर. स्वतःच्या खिशातून भरलेले पैसे योजना नंतर परत देत नाही. ऑपरेशन, शेक आणि केमो यांची मंजुरी वेगवेगळी होते, म्हणून ऑपरेशन झालं की शेकाची फाइल लगेच चालू करायला सांगा. रुग्णालय योजनेत आहे की नाही ते १५५३८८ या क्रमांकावर कळतं. योजनेत नसलेलं ट्रस्टचं रुग्णालय असेल, तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवण्याचं कायद्याने बंधन आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

तारीख मिळाली की मधल्या दिवसांत चार कामं उरका.

पहिलं, तंबाखू आजपासून बंद. 'आता काय व्हायचं ते झालं' असं आबा म्हणतील. पण गालावर जी कातडी लावतात तिला जगवतात मानेतल्या नसेला जोडलेल्या दोन-तीन मिलीमीटरच्या रक्तवाहिन्या. निकोटिनने त्या आकसतात, पॅच काळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. तलफ अनावर होत असेल तर डॉक्टरांना विचारा. तोंडात चघळायचं औषध या रुग्णाला नको. १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडवायला मोफत मदत मिळते. आणि घरात आणखी कुणी तळहातावर मळत असेल, तर ती चंची आबांच्या नजरेला पडू देऊ नका. मशेरीही त्यातच आली.

दुसरं, दात. हे सगळेच विसरतात आणि नंतर पस्तावतात. शेक घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. नंतर कधी, अगदी पाच वर्षांनीही, तिथला दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड सडायला लागतं. म्हणून किडलेले, हलणारे दात शेकाआधीच काढायचे, आणि शेक सुरू होण्याआधी हिरडी भरायला निदान दोन-तीन आठवडे मिळायला हवेत. सगळ्यात सोयीचं म्हणजे ऑपरेशनच्याच भुलीत ते काढून टाकणं. सर्जनला आधी सांगा, म्हणजे दातांचा डॉक्टर बोलावता येतो. चांगले दात मात्र जपायचे.

तिसरं, शुगर. ऑपरेशनआधी गोळी थांबवून इन्सुलिन देतात. 'आता कायमची सुई लागली' असं समजून घाबरू नका, जखम भरेपर्यंतची ती सोय आहे.

चौथं, वजन. आत्तापासून ५६च्या खाली जाऊ देऊ नका. तोंड दुखतं म्हणून आबा पेजेवर आले असतील तर त्यात तूप, दूध पावडर घाला.

ऑपरेशनच्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात : दुखतोय गाल, मग मान का कापायची? गालाचा आजार पहिल्यांदा मानेतल्या गाठींत उतरतो म्हणून. टाटा स्मारकच्या डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या मानेत हाताला काहीच लागत नव्हतं अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचीही मान आधीच साफ केली, म्हणजे तिथल्या गाठी काढून टाकल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ आल्यावर मान साफ करू म्हणून थांबलेल्यांत हा आकडा होता ६७.५. जगभर आता त्याप्रमाणे करतात. तुमच्या आबांच्या मानेत तर गाठ दिसतेच आहे.

पहिले दोन-तीन दिवस दर तासाला नर्स पॅच बघेल. चेहरा भोपळ्यासारखा सुजेल. सूज उतरेपर्यंत श्वासासाठी गळ्यातून नळी घातलेली असू शकते. ती असताना आवाज येत नाही, म्हणून आबांना आधी सांगून ठेवा आणि पाटी-पेन्सिल सोबत न्या. मानेतून निघणाऱ्या नळीच्या डबीत लालसर पाणी साचतं. चोवीस तासांत ते २५-३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. नळीवाटे दूध सुरू झाल्यावर डबीतलं पाणी दुधाळ दिसू लागलं तर लगेच दाखवा. डाव्या मानेत आतड्यांतली चरबी वाहून आणणारी एक बारीक नलिका असते, तिला छेद गेल्याचं ते लक्षण. लवकर कळलं तर बहुधा नुसता आहार बदलून आटोक्यात येतं. हात खांद्याच्या वर जात नाही ही तक्रार घरी आल्यावर कळते, सदरा घालताना. मानेतली एक नस दुखावलेली असते. सर्जनची परवानगी मिळाली की रोज भिंतीवर बोटांनी हात वर चढवायचा व्यायाम करायचा. आळस केला तर खांदा आखडतो.

आता तुमच्या वाटणीचं काम, नाकातली नळी. जमेल तुम्हाला, फक्त वॉर्डातल्या नर्ससमोर स्वतःच्या हाताने तीन वेळा भरवल्याशिवाय घरी जाऊ नका.

नळी नाकाशी जिथे बाहेर येते तिथला आकडा वहीत लिहा आणि त्यावर पेनाने खूण करा. दर वेळी भरवण्याआधी खूण जागेवर आहे का ते बघा. सरकली असेल, आबांना ठसका येत असेल, तर काहीही घालू नका. घरी नळी आत ढकलायची नाही, पूर्ण निघाली तर स्वतः परत घालायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. टोक श्वासनलिकेत गेलं आणि तुम्ही दूध सोडलंत तर न्यूमोनिया होतो.

आबांना पाठीशी दोन-तीन उशा देऊन बसवा, भरवल्यावरही पाऊण-एक तास आडवं होऊ देऊ नका. आधी ३० ते ५० मिली साधं पाणी. मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडा, कोमट मिश्रण ओता आणि आपोआप उतरू द्या. दट्ट्याने रेटायचं नाही. २५० मिलीला १५-२० मिनिटं लागायला हवीत. भरभर दिलं की पोट फुगतं आणि जुलाब होतात. शेवटी पुन्हा ५० मिली पाणी. हे शेवटचं पाणी राहिलं की नळी तुंबते. तुंबलीच तर कोमट पाणी घालून सिरिंजने हळूहळू आत-बाहेर करा. तार, काडी अजिबात नाही.

सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत साधारण दर सव्वादोन तासांनी, एकूण आठ वेळा. ५६ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी आणि ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आबा माळकरी, अंडी नाहीत, तरी हे घरच्या वस्तूंत बसतं : दूध एक लिटर, साय काढलेल्या दुधाची पावडर ८० ग्रॅम, मुगाची डाळ ५० ग्रॅम, नाचणीचं पीठ ६० ग्रॅम, फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ ३० ग्रॅम, एक केळं, आणि तेल सहा चहाचे चमचे. मूग मऊ शिजवून, नाचणी पेजेसारखी आटवून, सगळं मिक्सरमधून फिरवून, चहाच्या नव्हे तर बारीक जाळीच्या गाळणीतून दोनदा गाळायचं, आणि पाणी घालून दोन लिटर करायचं. साखर घालू नका. तेल घालायला घाबरू नका, एका चमच्यात ४५ कॅलरी आहेत. वरणाचं पाणी, नारळपाणी, सरबत यांनी पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगाला काही लागत नाही. नुसत्या वरणाच्या पाण्यावर ठेवलेल्या रुग्णाचं वजन महिन्यात चार-पाच किलो उतरतं आणि जखम उसवते. मिश्रण एकदम करून ठेवायचं तर फ्रिजमध्ये, आणि चोवीस तासांत संपवायचं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं ओतून द्या. एवढ्या दुधाने जुलाब झाले तर निम्म्या दुधाऐवजी घुसळलेलं दही घाला आणि आहारतज्ज्ञांना कळवा. किडनीचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर ही मापं त्यांना विचारूनच.

गोळ्या कुटून, पाण्यात विरघळवून, एकेक करून द्यायच्या, मिश्रणात मिसळून नाही. पण कुठली गोळी कुटायची नाही ते विचारून घ्या. शुगरच्या बऱ्याच गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम लागू होतो. आणि इन्सुलिन दिल्यावर भरवणं चुकवू नका. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर शुगर तपासा. ७०च्या खाली असेल तर नळीतून तीन चमचे साखरेचं पाणी.

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी मोठा रिपोर्ट येतो. त्यात चार गोष्टी बघा : गाठ किती मिलीमीटर खोल होती, कडा किती दूर साफ निघाल्या (५ मिलीमीटर किंवा जास्त असेल तर उत्तम), मानेतल्या किती गाठींत आजार होता, आणि तो गाठीचं कवच फोडून बाहेर आला होता का. कडेलाच आजार सापडला किंवा कवच फुटलेलं असलं, तर शेकाबरोबर केमोही देतात. नाहीतर नुसता शेक.

शेक ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. सहसा ३० वेळा, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. ऑपरेशनपासून शेवटच्या शेकापर्यंत सगळं शंभर दिवसांत बसवायचं, आणि हीच साखळी आपल्याकडे जागोजागी तुटते : जखम अजून ओली आहे म्हणून, योजनेची मंजुरी आली नाही म्हणून, सुगी आहे म्हणून, पुतणीचं लग्न आहे म्हणून. शेकात एक दिवस वाढला की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सरासरी एक-दीड टक्क्याने उतरते. मशीन बंद पडलं तर बुडालेला दिवस भरून कसा काढणार, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आधी चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून घेतात, म्हणजे रोज डोकं त्याच जागी राहतं. वजन घटलं की मास्क सैल होतो आणि किरण चुकीच्या जागी पडायला लागतात. वजन सांभाळायचं हेही एक कारण. पहिले दोन आठवडे काहीच होत नाही, तेव्हा गाफील राहू नका. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, चव जाते, लाळ चिकट होते. सगळ्यात वाईट काळ शेवटचा आठवडा आणि शेक संपल्यानंतरचे दोन आठवडे. 'संपलं तरी वाढतंच आहे' असं वाटेल, ते अपेक्षितच असतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन तासांनी गुळण्या, पहिल्या दिवसापासून. दुकानातलं झणझणीत माउथवॉश नको. दुखणं वाढलं तर मॉर्फिन देतात. व्यसन लागेल म्हणून गोळ्या लपवू नका, बद्धकोष्ठाचं औषध मात्र सोबत मागून घ्या. पांढरा थर दिसला तर बुरशी, तिचं औषध वेगळं. मानेच्या कातडीला हळद, तेल, वस्तऱ्याची दाढी, काहीही नको.

केमो लागली तर थर्मामीटर घरात हवाच. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच रुग्णालय. सिस्प्लॅटिनबरोबर डेक्सा हे स्टेरॉइड देतात, त्याने शुगर उसळते. कानात शिट्टी वाजू लागली तर पुढच्या डोसआधी सांगा.

आणि तोंड उघडण्याचा व्यायाम. तंबाखूवाल्या तोंडात बऱ्याचदा आधीच जबडा आखडलेला असतो, वर टाके आणि शेक. मेडिकलमधून जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या आणा. सर्जनने हो म्हटल्यावर, दाढांच्या मधे बसतील तेवढ्या पट्ट्यांची चवड ठेवून अर्धा मिनिट धरायची, पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. दर आठवड्याला एक पट्टी मधे सरकवायची. एक पट्टी म्हणजे दीड-दोन मिलीमीटर. वहीत आकडा लिहा. समोरच्या दातांमधलं अंतर ३५ मिलीमीटरच्या खाली राहिलं तर घास नीट जात नाही, दात घासता येत नाहीत आणि पुढे डॉक्टरला आतलं बघताही येत नाही. शेक चालू असताना दुखतं म्हणून हा व्यायाम सोडतात, आणि नंतर आखडलेलं सुटत नाही.

वाचतील का? मानेत गाठ उतरली की बरं होण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते, हे खरं आहे आणि लपवून उपयोग नाही. पण एकच गाठ, कवच शाबूत, कडा साफ, शेक वेळेत पूर्ण, असे रुग्ण बरे होऊन पुन्हा रानात जातात. आबांनी रात्री विचारलं तर एवढंच सांगा : ऑपरेशनचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना तुमच्यासमोरच विचारू. परत उलटायचं तर ते बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतं, म्हणून पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन-तीन महिन्यांनी तपासायला जायचं, काही होत नसलं तरी. मानेला शेक लागल्याने थायरॉइड मंदावतं, वर्षातून एक-दोनदा टीएसएच ही रक्ताची तपासणी करा. तीन आठवड्यांत न भरलेला कुठलाही चट्टा, मानेत गाठ, कान दुखणं, हे दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

भाकरीचं सांगते. गिळणं नीट झालं आणि टाके भरले की नळी निघते, तेव्हा आधी ताकातली पातळ ज्वारीची आंबील, मग मऊ गुरगुट्या भात. शेकात पुन्हा मागे यावं लागेल. शेक संपून सहा-आठ आठवडे गेले की दुधात किंवा फिक्या आमटीत तास-दीड तास भिजवलेली, कुस्करलेली भाकरी, उजव्या बाजूने, घासागणिक पाण्याचा घोट घेऊन. लाळ कमी असल्याने कोरडी भाकरी टाळूला चिकटते, तेवढी पाण्याची बाटली मग कायमची सोबत. चव यायला काही महिने जातात. खर्डा मात्र बराच काळ सोसणार नाही. डब्यातलं तिखट वेगळं काढून ठेवा.